रतामाच्या झुडपाखाली आधी भाकर मिळाली

एका वाचक ताईचं पत्र, थोडक्यात :

सलाम. मी पुण्याच्या एका ख्रिस्ती मंडळीतली, वय 24. तरुण संघाच्या पाच जणांच्या टीमबरोबर बारा आठवड्यांच्या मिशन ट्रिपवर नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर आले आहे. मुलांचा अभ्यासवर्ग आणि आरोग्यासाठी घरभेटी, एवढंच काम. हा सहावा आठवडा. छप्पर गळतं. गेल्या आठवड्यात मला व्हायवॅक्स मलेरिया झाला, आज प्रायमाक्विनचा चौथा दिवस आहे. लोक प्रेमानं बसवतात, चहा देतात, पण आमचं कुणी मनावर घेत नाही. टीममध्ये स्वयंपाकावरून धुसफूस चालू आहे. मंडळीतून फोन आला की पहिला प्रश्न, 'किती जण आले?' आणि ज्या घरी आम्ही सलग तीन दिवस जाऊन प्रार्थना केली, तिथलं वीस दिवसांचं बाळ गेलं. तेव्हापासून प्रार्थनेला बसते, पण शब्दच फुटत नाही. माझा विश्वास कमी पडला का? परत जाऊ का?

ताई, सलाम.

परत जायचं की नाही, हे आज ठरवू नका. तापातून उठलेल्या माणसानं, रात्री, आणि भांडणाच्या दिवशी असा निर्णय घेऊ नये. तुमच्यापाशी सध्या या तिन्ही गोष्टी आहेत. सात दिवस थांबा. त्या सात दिवसांत काय करायचं, ते पुढे लिहितो.

विश्वास कमी पडला का, याचं उत्तर आधी एलीयाकडून घेऊ. 1 राजे 19 पुन्हा वाचा, पण उपदेशात ऐकल्यासारखं नको, पेशंटचा केसपेपर वाचल्यासारखं वाचा. कर्मेल डोंगरावरचा विजय नुकताच झालेला. राणी ईजबेलीचा, ठार मारण्याचा निरोप येतो आणि हा संदेष्टा जीव घेऊन रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. देव त्याला 'तुझा विश्वास कुठे गेला' असं विचारत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून खायला घालतो आणि कारणही सांगतो, की पुढची वाट तुला झेपणार नाही. त्यानंतर होरेबपर्यंतची चाळीस दिवसांची चाल, आणि 'एलीया, तू इथे काय करतोस' हा प्रश्न त्याच्याही नंतर. हा क्रम तुमच्या कामाचा आहे. आधी झोप, भाकर, पाणी, बोलणं मागाहून.

म्हणून आधी शरीराचं बघू.

व्हायवॅक्सचे जंतू रक्तात असतात, तसेच यकृतात दडूनही बसतात. क्लोरोक्विनचा तीन दिवसांचा डोस रक्तातले जंतू मारतो, यकृतातल्यांसाठी प्रायमाक्विन लागतं, तेही सलग 14 दिवस. ताप उतरला की गोळ्या सोडून देणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तोच ताप परत येतो. गोळी उपाशीपोटी घेऊ नका, पोटात मुरडा येतो आणि उद्याची गोळी चुकवावीशी वाटते. लघवी काळपट किंवा कोलासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, चार पावलांत धाप लागली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. काहींच्या रक्तात जी6पीडी नावाचा घटक कमी असतो, त्यांना हे औषध बाधतं. टीममध्ये दुसऱ्या कुणालाही ताप आला तर 'पावसात भिजला असेल' म्हणून अंगावर काढू नका. आशाताईंकडे तपासणीचं किट असतं, बोटाच्या थेंबभर रक्तावर थोड्याच वेळात कळतं, उपचारही मोफत असतो.

मलेरियानंतर दोन-तीन आठवडे अंग गळून जातं, डोकं जड राहतं, रडू लवकर येतं. पुष्कळ जण या थकव्यालाच आत्मिक कोरडेपणा समजतात आणि त्यावर उपाय म्हणून उपवास धरतात, पहाटे चारला उठतात, रात्रभर प्रार्थनेला बसतात. शरीर आणखी खचतं, प्रार्थना आणखी सुकते, आणि दोष विश्वासाच्या माथी जातो. गोळ्या पूर्ण होईपर्यंत उपवास नको. दर चार तासांनी पोटात काहीतरी जाऊ द्या : भाकरी-डाळ, मूठभर शेंगदाणे, मिळालं तर उकडलेलं अंडं. मोरभगर तिकडे मिळतेच, तिची पातळ पेज तापानंतर पोटाला चांगली बसते.

पाणी : पाच जणांना पिण्यासाठी दिवसाला किमान 15 लिटर धरा. खळाखळा उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू द्या, झाकून थंड करा, आणि त्यात ओगराळं बुडवायचं, हात नाही. पावसाळ्यात ओली लाकडं पेटत नाहीत, मग 'आजच्या दिवस असंच पिऊ' होतं आणि जुलाब तिथूनच सुरू होतात. म्हणून क्लोरीनच्या गोळ्यांची एक पट्टी राखून ठेवा. पाण्याचं माप पाकिटावर लिहिलंय तेवढंच घ्या आणि गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबा. ओआरएसची किमान दहा पाकिटं जवळ असू द्यात. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, पेल्यात अर्धं टाकून चालत नाही. पाकीट संपलं तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईत उतरले आणि 1826 मध्ये नाशिकहून परतताना वाटेतच कॉलऱ्यानं गेले, वयाच्या 41 व्या वर्षी. त्यांचे सोबती सॅम्युएल न्यूएल यांनाही 1821 मध्ये कॉलऱ्यानंच नेलं. त्या माणसांजवळ हे साधं मीठ-साखरेचं ज्ञान नव्हतं. आपल्याकडे आहे, तर ते न वापरण्यात कसलाच त्याग नाही.

झोप जमिनीवर नको. खाट मागून घ्या, पाड्यावर कुणीही देईल. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचा. ती डासांसाठी आहे तशी मण्यारीसाठीही. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पापण्या जड झाल्या, गिळता येईना, पोटात दुखू लागलं, तर सापच समजा. आवळून बांधणं, कापणं, झाडपाला, यांत वेळ घालवू नका. हात-पाय न हलवता 108 किंवा मिळेल त्या गाडीनं ग्रामीण रुग्णालय गाठा. गळक्या छपरावर ताडपत्री टाका, आणि ती आतून नाही, वरून टाका. बायबल आणि औषधं झिपच्या पिशवीत ठेवा.

आता प्रार्थना.

शब्द फुटत नसतील तर उसने घ्या. स्तोत्रं त्यासाठीच आहेत. सकाळी दहा मिनिटं, घराबाहेर, मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचलं की थकलेलं मन तिसऱ्या ओळीवर भरकटतं, आवाजानं ते जागेवर राहतं. पहिले दोन दिवस स्तोत्र 13, 'किती काळ' असं देवाला चार वेळा विचारणारं. मग 42, मग 130. आणि ज्या दिवशी काहीच सोसवत नाही, त्या दिवशी 88. हे स्तोत्र शेवटपर्यंत उजेडात येत नाही, अंधार या शब्दावरच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवानं ते काढून टाकलं नाही, मग तुमची आजची मुकी बैठक तो का नाकारेल? वाचून झाल्यावर वहीत एकच ओळ लिहा. 'आज राग आला.' 'आज बाळाची आई दिसली.' पानंच्या पानं लिहू नका, थकव्यात माणूस स्वतःच्याच दुःखाभोवती घिरट्या घालत राहतो. संध्याकाळी प्रभूची प्रार्थना चालता चालता म्हणा, एका वाक्याला दहा पावलं. एवढं पुरे. सात दिवस याहून जास्त काही करू नका.

आणि एक गोष्ट टीमला सांगा : 'सध्या मला प्रार्थना करता येत नाही, माझ्या जागी तुम्ही करा.' हे बोलायला लाज वाटेल. मार्क 2 मधला पक्षाघाती स्वतः चालत आला नव्हता. चौघांनी छप्पर उचकटून त्याला खाली सोडलं, आणि येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला असं तिथे लिहिलंय. खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल तिथे चकार शब्द नाही. मंडळी असते ती याचसाठी.

बाळाबद्दल.

ताई, तुमच्या विश्वासात एक गुंज कमी होती म्हणून ते बाळ गेलं, असं कुणी सांगितलं, किंवा तुमचंच मन सांगत असेल, तर ते ऐकू नका. लाजराच्या थडग्यापाशी, त्याला उठवणार हे ठाऊक असूनही, येशू रडला. तुमच्या रडण्याला याहून मोठी परवानगी लागत नाही.

पण एक प्रश्न टीमनं एकत्र बसून स्वतःला विचारावा, दोष देण्यासाठी नव्हे, पुढच्या बाळासाठी : त्या तीन दिवसांत आशाताईंना कळवलं होतं का? गाडी बोलावली होती का? पुष्कळ टीम भल्या मनानं प्रार्थनेला बसतात आणि दवाखान्याचा निर्णय घरच्यांवर सोडतात. घरचे समजतात, शहरातली शिकलेली माणसं आली आहेत, गरज असती तर त्यांनीच सांगितलं असतं. मग कुणीच काही करत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची धोक्याची लक्षणं प्रत्येकानं पाठ करा : अंगावर ओढत नाही किंवा ओढणं कमी झालं; स्वस्थ असताना पूर्ण एक मिनिट मोजल्यावर श्वास 60 किंवा जास्त; श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो; अंग तापलेलं किंवा गार; झटके; उठवूनही नीट हलत नाही; तळहात-तळपाय पिवळे. यातलं एकही दिसलं तर दवाखाना, त्याच तासाला. श्वास 15 सेकंद मोजून चारनं गुणू नका, लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो, आकडा चुकतो. बाळाला नेताना आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून गुंडाळा, वाटेत ते गार पडत नाही. प्रार्थना गाडीत करा. देव गाडीतही ऐकतो.

त्या आईकडे पुन्हा जा. बहुतेक टीम अशा घरी परत जायचं टाळतात, कारण तोंड कसं दाखवायचं कळत नाही. त्या घराला मात्र वाटतं, प्रार्थना फळली नाही म्हणून आम्हाला सोडून दिलं. पाड्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला विचारून दिवस ठरवा, कारण दुःखाच्या दिवसांत घरात कुणी कधी यावं, काय आणावं याचे त्यांचे रिवाज आहेत. दोघीच जा, पाच जणांनी नको. 'देवाची इच्छा होती', 'बाळ चांगल्या ठिकाणी गेलं', ही वाक्यं बोलू नका. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं. तोंड उघडल्यावर बिघडलं. तुम्हीही बसा. तिच्या हाताला काम असेल तर ते करू लागा, धान्य निवडा, पाणी भरा. ती बाळाबद्दल बोलली तर ऐका. अशा भेटीत तुम्हाला प्रार्थनेचे शब्द सापडत नाहीत, ही उणीव नाहीच. त्या घरात आता शब्द उपयोगाचेही नाहीत.

लोक मनावर घेत नाहीत, याबद्दल. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये जामखेडला काम सुरू करायला गेले ते आरोग्यसेवा घेऊन. लोकांची निकड होती अन्न आणि पाणी. त्यांनी लोकांचं ऐकलं, विहिरी आणि अन्न आधी घेतलं, आणि पुढे त्याच गावांतल्या, बऱ्याचशा निरक्षर बायका आरोग्यसेविका झाल्या. तुम्ही सहा आठवडे सांगायला जात आहात. या आठवड्यात विचारायला जा. तीन घरं, प्रत्येक घरी एकच प्रश्न : 'या पावसाळ्यात तुम्हाला सगळ्यात जड काय जातंय?' उत्तर तिथेच लिहू नका, वही दिसली की लोक सर्व्हे समजून ठरावीक उत्तरं देतात. बाहेर पडल्यावर लिहा. आणि तिथली पावरी बोली शिका. अभ्यासवर्गातल्या मुलांकडून रोज पाच शब्द घ्या, देवनागरीत टिपा, दुसऱ्या दिवशी त्यांनाच परीक्षा घ्यायला लावा. मुलं तुमच्या उच्चारांना हसतील, हसू द्या. शिकवणारी बाई विद्यार्थिनी झाली की घराची दारं वेगळ्या रीतीनं उघडतात.

मदत आणि प्रार्थना कधी एकमेकांना बांधू नका. औषध, वही, धान्य देताना त्यावर प्रार्थनेची अट नको, अटीचा वासही नको. ज्याला प्रार्थना हवी तो मागेल, मागितल्यावर करा. सरपंच आणि आरोग्य केंद्राला तुमचं काम लेखी माहीत असू द्या. कायदेशीर बाजू टीमप्रमुखानं वकिलाकडून समजून घ्यावी; जवळच्याच मध्य प्रदेशात आणि गुजरातेत धर्मांतराविषयी स्वतंत्र कायदे आहेत, आणि पाहुणे म्हणून सीमेपलीकडच्या पाड्यावर जाताना ते लागू होतात. तुम्ही बारा आठवड्यांनी पुण्याला याल. तिथल्या विश्वासू कुटुंबांना शेजाऱ्यांबरोबर तिथेच राहायचंय. तुमच्या घाईची किंमत त्यांना मोजावी लागेल असं काही करू नका. या कुटुंबांकडून धीर घ्यायलाही शिका. रविवारी उपासनेत साक्ष त्यांना द्यायला सांगा, तुम्ही ऐका.

'किती जण आले' याचं उत्तर मिशनरी विल्यम केरींना पहिली सात वर्षं देता आलं नसतं. 1793 मध्ये ते बंगालात पोहोचले, त्यांच्या कामातले पहिले विश्वासू कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला 28 डिसेंबर 1800 ला. हेच केरी पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवत. पण ही गोष्ट मंडळ्यांत अर्धीच सांगितली जाते. त्या सात वर्षांत त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला आणि पत्नी डोरोथी यांचं मन असं बिघडलं की 1807 मध्ये मरेपर्यंत त्या सावरल्या नाहीत. चिकाटीचं कौतुक करताना डोरोथींकडे पाहायचं कुणी विसरू नये. टीममधलं एखादं माणूस आतून मोडत असेल तर काम तेवढं थांबवायचं असतं.

मंडळीला आकडा पाठवू नका. आठवड्यातून एकदा, शनिवारी, नेटवर्क मिळेल त्या टेकडीवरून चार ओळी पाठवा : कुणाकडे गेलो, काय शिकलो, काय चुकलं, कशासाठी प्रार्थना करा. पुढच्या वेळी 'किती जण' विचारलं तर पाळकसाहेबांना सरळ सांगा की हा प्रश्न आम्हाला जड जातो. आणि मंडळीतली दोनच माणसं निवडा, ज्यांना खरं तेच लिहायचं. पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आसियात आम्हाला जगण्याचीही आशा राहिली नव्हती. पुढे सातव्या अध्यायात म्हणतो, खचलेल्यांना धीर देणाऱ्या देवानं आम्हाला धीर दिला तो तीताच्या येण्यानं. म्हणजे धीर आला तो माणूस येण्यानं. शक्य असेल तर सहाव्या-सातव्या आठवड्यात मंडळीतून एका प्रौढ व्यक्तीनं दोन दिवस येऊन जावं, हे टीमप्रमुखाला सुचवा. उपदेश द्यायला नाही; भाजी चिरायला, ऐकायला.

स्वयंपाकाचं सोपं आहे. कागदावर पाळ्या लिहून भिंतीला लावा : दोघं स्वयंपाक, एक पाणी-लाकूड, एक भांडी, एक सुट्टी, रोज एक घर पुढे सरका. मुलगे-मुली असा भेद नको, बहुतेक धुसफूस तिथूनच निघते. रात्री जेवणानंतर वीस मिनिटं बसा, प्रत्येकानं आज काय जड गेलं ते सांगायचं, कुणी मधे बोलायचं नाही, उपाय सुचवायचा नाही. आठवड्यातला एक पूर्ण दिवस सुट्टी घ्या, रविवार सोडून, कारण रविवारी तुम्ही कामावरच असता. शिष्य पहिल्या सेवाफेरीवरून परतले तेव्हा त्यांना जेवायलाही सवड नव्हती, आणि येशू म्हणाला, एकांती चला आणि थोडा विसावा घ्या. मार्क 6:31. कुणी सुट्टीवरून टोमणा मारला तर हे वचन दाखवा.

सात दिवसांनी पुन्हा विचार करा. झोप आणि भूक परतली असेल, स्तोत्र वाचताना एखादी ओळ आपली वाटू लागली असेल, तर थांबा. दोन आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, हातपाय थरथरतात, किंवा मरणाचे विचार येतात, तर परत या, एकट्यानं नाही, कुणाला तरी बरोबर घेऊन. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. टीममधलं किंवा बाहेरचं कुणी तुमच्याशी वावगं वागलं असेल, तर सात दिवसही थांबू नका. परत येण्यात कमीपणा नाही. योहान मार्क पंफुल्याहून अर्ध्यावर घरी गेला, त्यावरून पौल आणि बर्णबा यांचं कडाक्याचं भांडण झालं. तोच पौल शेवटच्या पत्रात तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. त्याच अध्यायात तो त्रोवसला राहिलेला झगाही मागवतो आणि हिवाळ्याआधी ये म्हणतो. थंडी त्यालाही वाजत होती.

हे उत्तर छापण्याआधी तुम्हाला थेट पाठवत आहोत. शनिवारी टेकडीवर गेलात की पहिला फोन आईला करा, मंडळीला नंतर. आणि गोळ्या मोजा. तुमच्या पत्राच्या तारखेवरून आज प्रायमाक्विनचा नववा दिवस आहे, पट्टीत आजची धरून सहा दिवसांच्या उरल्या असतील. आजची जेवणानंतर घ्या.